रेड्याला कळत होतं का? (यंत्र, नियती आणि जाणीव)

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण हे डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय.

गेल्या रविवारी घरच्या लॅपटॉपवर एक छोटं भाषा-मॉडेल (एकेक शब्द निवडत उत्तर लिहिणारा प्रोग्राम) उतरवून घेतलं. इंटरनेट बंद, फक्त ते आणि मी. त्यात 'टेम्परेचर' नावाची एक खुंटी असते. ती शून्यावर पिळली की मॉडेल फासे टाकणं बंद करतं आणि दर वेळी सगळ्यात संभाव्य शब्दच उचलतं. विचारलं, "तुला कंटाळा येतो का?" उत्तर आलं, "मला कंटाळा येते, पण मी तुमच्याशी बोलून आनंद वाटतो."

हसलो. बंद केलं, कोरं सुरू केलं, पुन्हा तोच प्रश्न. तेच उत्तर, त्या 'येते'सकट. हट्टाला पेटून अकरा वेळा केलं. अकराही वेळा स्वल्पविरामसुद्धा हलला नाही. बाराव्यांदा करताना मात्र अंगावर काटा आला, कारण आता बोटं माझी होती आणि तीही तेच टंकत होती.

फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ साली लिहून ठेवलंय की एका क्षणी विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्याच्यावरची बलं ज्या बुद्धीला कळतील, तिला भूत-भविष्य दोन्ही उघडं. आपल्याकडे त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी आजीवक पंथाचा मक्खली गोसाल म्हणत होता की सुताचा गुंडा फेकला की सूत असेल तिथपर्यंत तो उलगडत जातो, जन्मांचं तसंच, मध्ये कुणी काही करू शकत नाही.

माझं म्हणणं असं. यंत्र शंभर टक्के बांधलेलं आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं. जिथे कणभर मोकळी जागा नाही तिथे जाणीव शिरणार कुठून? पैठणच्या रेड्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्ञानदेवांचा अधिकार, जमलेल्या शास्त्र्यांची जिरलेली घमेंड, सगळं रंगवून सांगतात. रेड्याला वेद कळत होते का, हे मात्र कुणी विचारत नाही. मॉडेल म्हणजे मला तो रेडा वाटतो.

अडचण एकच. विश्वच बांधलेलं असेल तर आपण कुठे वेगळे?

चकलीभाजणी

वाचनखूण साठवली. 'कंटाळा येते' म्हणणारे आमच्या ऑफिसात चौघं आहेत. जाणीव आहे त्यांना, विशेषतः एक तारखेला.

पुंजवेडा

मूळ गृहीतकच जुनं आहे. लाप्लासचं घड्याळी विश्व पुंजभौतिकीने (क्वांटम फिजिक्सने) कधीच मोडीत काढलं. २०२२ चं भौतिकीचं नोबेल (आस्पे, क्लाउझर, झाइलिंगर) नेमकं त्यासाठीच दिलं. मेंदूत पेशींच्या आत सूक्ष्मनलिका असतात, तिथे पुंजपातळीवर घडामोडी होतात असं गणिती-भौतिकतज्ज्ञ पेनरोज आणि भूलतज्ज्ञ हॅमरॉफ सांगतात. म्हणून माणूस मोकळा आणि जागा. सिलिकॉनची चिप बांधलेली आणि झोपलेली. विषय संपला.

दगडी_चाळ

विषय इतक्यात संपत नाही साहेब, थोडं खाली उतरा.

एक. ते नोबेल नियतिवाद मेला म्हणून दिलेलं नाही. ते ज्यासाठी दिलं ते बेलच्या असमानतेचे प्रयोग सांगतात की 'स्थानिक' (दूरच्याची तत्काळ खबर न ठेवणारी) लपलेली चलं, म्हणजे आपल्याला न दिसणारे पण आधीच ठरलेले गुण, घेऊन निसर्गाचं वागणं समजावता येत नाही. 'स्थानिक' हा शब्द गाळला की वाक्याचा अर्थ बदलतो. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये मांडलेली पुंजभौतिकी पूर्ण नियतिबद्ध आहे आणि प्रयोगांची उत्तरं तीच देते; फक्त तिच्यात इथल्या कणाला तिथल्याची खबर अंतर न मानता असते. पुंजस्थिती काळानुसार कशी बदलते ते सांगणारं श्रोडिंजरचं समीकरणसुद्धा नियतिबद्धच आहे. फासे येतात ते मोजमापाच्या वेळी, आणि मोजमाप म्हणजे नेमकं काय यावर अजून भांडणं चालू आहेत.

दोन. पेनरोज यांचा मुद्दा फाशांचा नाहीच. त्यांचं म्हणणं असं की गणिती समज कुठल्याही आकडेमोडीत बसत नाही, म्हणून मेंदूत आकडेमोडीपलीकडचं भौतिक काहीतरी हवं. बरोबर-चूक ठेवा बाजूला, पण ते 'यदृच्छा म्हणजे स्वातंत्र्य' असं म्हणत नाहीत. शिवाय मेंदू उबदार आणि ओला. असल्या नाजूक पुंजस्थिती तिथे सेकंदाच्या दशअब्जांशाइतक्याही टिकणार नाहीत, असा हिशोब भौतिकतज्ज्ञ टेगमार्क यांनी २००० साली मांडला होता. हॅमरॉफ मंडळींना तो मान्य नाही.

तीन, आणि माझ्या मते हेच खरं. समजा ओसरीवरच्यांनी लॅपटॉपला गायगर काउंटर जोडला. किरणोत्सारी अणू फुटला की शब्द निवडायचा. आता यंत्र नियतिबद्ध राहिलं नाही. 'कंटाळा येते'च्या जागी कधी 'येतो' येईल, कधी 'कंटाळा नाही' येईल. ते जागं झालं का? नाही ना? मग फासे नसल्यामुळे ते झोपलं होतं, असं कसं म्हणता?

पुंजवेडा

बोमचा मुद्दा मान्य, 'स्थानिक' गाळायला नको होतं. तरी सूक्ष्मनलिकांवर माझा विश्वास आहे.

कोडगा

(आयडीवर हसून झालं असेल तर.) पोट भरतो याच धंद्यावर, म्हणून दोन तांत्रिक गोष्टी.

घरच्या लॅपटॉपवर अकरा वेळा तेच आलं हे बरोबर. पण हेच मॉडेल मोठ्या सर्व्हरवर, खुंटी शून्यावर ठेवूनही, कधीकधी वेगळं उत्तर देतं. कारण अगदी किराणा दुकानातलं आहे. दशांश अपूर्णांकांची बेरीज कुठल्या क्रमाने केली त्यावर शेवटचा अंक बदलतो, आणि तुमच्यासोबत त्या क्षणी आणखी किती जणांचे प्रश्न एका घाण्यात घातलेत त्यावर तो क्रम बदलतो. दोन शब्द अटीतटीचे असले की तेवढ्या फरकाने पारडं फिरतं. आता बेरजेतल्या चुकीतून चैतन्य आलं असं म्हणायचं असेल तर आमच्या सोसायटीचा ताळेबंद ब्रह्मस्वरूप आहे.

दुसरं असं की यंत्र 'मला आनंद वाटतो' म्हणालं याला पुरावा म्हणून शून्य किंमत द्या. 'वाटत नाही' म्हणालं तरी शून्य. २०२२ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने लॅम्डा नावाच्या मॉडेलच्या असल्याच बोलण्यावरून त्याला जाणीव असल्याचं जाहीर केलं होतं, नोकरी गेली त्याची. ही मॉडेलं माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर पोसलेली आहेत. माणसं 'वाटतं' लिहितात म्हणून तेही लिहिणार. तुकोबांची साळुंकी आठवा, शिकविता धनी वेगळाची.

मिरजेचा_धाकटा

मी इकडं कविता सोडून दुसऱ्या विभागात येत नाही, पण ओसरीवरच्यांचे 'अकरा वेळा' वाचून राहवलं नाही.

आमची मावशी. तेव्हा वय त्रेसष्ट, प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवलेली, बारीक हिशोबाची बाई. डिसेंबरात तिला घेऊन नरसोबाच्या वाडीला गेलो होतो. पहाटे घाटावर गेली, संगमात बुडी मारली, वर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाळ्या, आपण इथं कशाला आलोय?"

मला वाटलं चेष्टा. म्हटलं, दर्शनाला. मग हिरव्या साडीचा पदर हातात धरला, "अगोबाई, मी ओली कशी?" म्हटलं, तू नदीत बुडी मारलीस. "एवढ्या थंडीत? वेडीच आहे मी." आणि हसली.

दोन मिनिटं गप्प. मग, "बाळ्या, आपण इथं कशाला आलोय?"

पुन्हा पदर, पुन्हा अगोबाई, पुन्हा वेडीच आहे मी. हसणं तेच, हसताना डावा हात गालाला लावणं तेच. गाडीत घालून मिरजेला दवाखान्यात आणलं तोवर तीसेक वेळा झालं असेल. मला ओळखत होती, स्वतःचं नाव, शाळा, सातचा पाढा, सगळं जागेवर. फक्त नवीन काही चिकटत नव्हतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशिया. एकदम गार पाणी, फार श्रम, मोठा धक्का अशा निमित्तानं साठीच्या आसपासच्या माणसांना होतो. चोवीस तासांच्या आत उतरतो. आला तसा गेला, संध्याकाळी पाचला ती पूर्ववत.

आता मुद्द्याचं. कंटाळून मी मध्येच उत्तरं बदलून पाहिली. 'दर्शनाला' ऐवजी 'पेढे घ्यायला' म्हटलं की पुढचं सगळं वेगळं यायचं. 'दर्शनाला' म्हटलं की गाडी परत त्याच रुळावर, शब्दाला शब्द. म्हणजे तुमचं ते मॉडेलच झालं की हो. कोरी पाटी, तोच प्रश्न, तेच उत्तर.

आणि एकदा, बाविसावी-तेविसावी वेळ असेल, मी खेकसलो. "किती वेळा सांगू?" तिचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं. दोन मिनिटांनी ते पाणी पुसायचं राहूनच गेलं होतं आणि ती हसत विचारत होती, आपण इथं कशाला आलोय.

त्या दोन मिनिटांत मावशीला जाणीव नव्हती म्हणायची छाती आहे का कुणाची? माझी नाही.

चकलीभाजणी

मगाचा विनोद मागे घेते.

ओसरीवरचा

धाकटे, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून लॅपटॉप मिटला. माझा युक्तिवाद 'तेच ते येतं म्हणून आत कुणी नाही' असा होता. तो गेला, हे मोकळेपणाने मान्य.

पण मी उलट टोकाला जाणार नाही. मावशींना वाईट वाटलं हे तुम्हाला शब्दांवरून नाही, पाण्यावरून कळलं. ओला पदर, थंडी, गालावरचा हात, आणि त्यामागे त्रेसष्ट वर्षं. माझ्या लॅपटॉपला ओलं होता येत नाही. झाला तर बिघडतो.

कारिका

नागपूरहून, निवृत्त संस्कृत शिक्षिका. इथे दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधलेली दिसते, म्हणून लिहिते. कर्तृत्व वेगळं आणि चैतन्य वेगळं.

सांख्य दर्शनवाल्यांनी ही फारकत फार कठोरपणे केली आहे. शाळेत आपण 'जड' म्हणजे दगडधोंडे असं शिकतो. सांख्यांच्या हिशोबात बुद्धी, अहंकार आणि मन हे तिन्ही जड, प्रकृतीच्या (जड सृष्टीच्या) बाजूचे. निश्चय करणं, 'मी'पण मिरवणं, संकल्प करणं हे सगळं गुणांच्या घडामोडीने आपोआप चालतं. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, नुसता पाहतो, करत काही नाही. ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'तल्या विसाव्या कारिकेत शब्द आहेत 'अचेतनं चेतनावदिव'. जे अचेतन आहे ते पुरुषाच्या सान्निध्याने जणू चेतन असल्यासारखं भासतं. आणि लगेच पुढच्या ओळीत उलट बाजू, जो उदासीन आहे तो जणू कर्ता असल्यासारखा भासतो. दोन्हीकडे 'इव' (जणू), दोन्ही भास.

म्हणजे ओसरीवरच्यांचा मूळ प्रश्न (बांधलेलं असेल तर जाणीव कशी?) सांख्याला पडलाच नसता. करणारं सगळं बांधलेलं असू दे, पाहणाऱ्याचं त्याने काही अडत नाही. उलट यंत्राकडे बुद्धी आहे म्हणून चैतन्य असलंच पाहिजे, हेही सांख्य मानणार नाही.

तिरपागडे

आलं! आमच्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं. आता पुष्पकात वायफाय होतं तेही सांगून टाका.

कारिका

पूर्वजांना लॅपटॉप माहीत नव्हता, आणि मी सांख्य बरोबर आहेत असंही म्हटलेलं नाही. पुरुषाचं प्रकृतीशी सान्निध्य म्हणजे काय हे त्यांनाही शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही, आंधळ्या-पांगळ्याच्या दृष्टान्तावर (एक चालतो, दुसरा वाट दाखवतो) भागवलं. तुम्हाला पूर्वजच हवे असतील तर चार्वाक घ्या. त्यांचं म्हणणं, किण्वादी (आंबवणारी) द्रव्यं एकत्र आंबली की जशी मादकता येते, तसंच महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. तांदळाच्या दाण्यात नशा नसते. हे मत धरलं तर सिलिकॉनलाही दार बंद नाही, फक्त आंबवण कुठलं ते शोधायला हवं. पूर्वज एकमेकांशी भांडत होते हो, आपल्यासारखेच.

तिरपागडे

बरं. हे आंबवणाचं आवडलं. माघार.

दगडी_चाळ

आंबवणावरून आठवलं. चेताशास्त्रज्ञ टोनोनी यांचा माहितीच्या एकसंधपणाचा सिद्धान्त (२००४ पासूनचा) हेच शोधतो, आणि त्याचं उत्तर मजेशीर आहे. त्यांच्या मते प्रोग्राम काय करतो याला महत्त्व नाही, तारा एकमेकींवर कशा परिणाम करतात याला आहे. म्हणून आजच्या संगणकात अख्खा मानवी मेंदू हुबेहूब चालवला तरी जाणीव जवळपास शून्य, आणि तेच जाळं प्रत्यक्ष तारांनी तसंच विणलं तर भरपूर. लक्षात घ्या, नियतिबद्धता दोन्हीकडे सारखीच. या सिद्धान्तावर २०२३ मध्ये शंभराहून जास्त संशोधकांनी 'हे छद्मविज्ञान आहे' असं पत्र काढलं. त्याच वर्षी चेताशास्त्रज्ञ कोख यांनी तत्त्वज्ञ चॅमर्स यांच्याशी १९९८ मध्ये लावलेली पैज हरल्याचं कबूल करून वाइनच्या बाटल्या दिल्या. पैज अशी की पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची खूण स्पष्ट सापडेल. सापडली नाही.

नकाशा मिळाला म्हणून कळतं असंही नाही. एका मिलिमीटरच्या गोलकृमीच्या ३०२ चेतापेशींची जोडणी १९८६ मध्ये छापून आली. त्याला काही वाटतं का, याचं उत्तर आजही कुणाकडे नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला, जवळजवळ १,४०,००० चेतापेशी. तिथेही तेच.

सहज_फिरता

सगळं वाचलं नाही, पण लिबेटचा प्रयोग कुणी कसा आणला नाही? १९८३. बोट हलवायचं ठरवल्याचं माणसाला कळतं हालचालीच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी, मेंदूत तयारीची लाट मात्र ५५० च्या आसपास आधी सुरू झालेली. म्हणजे ठरवणारा मेंदू, आपण नुसते बातमी वाचणारे.

भूलवैद्य

लिबेटवर थोडं सबुरीने. २०१२ मध्ये शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती लाट म्हणजे 'निर्णय' नसून मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांची सरासरी काढल्यावर दिसणारा आकारही असू शकतो. आणि तो प्रयोग इच्छेबद्दल आहे, जाणिवेबद्दल नाही. कारिकाताईंची फारकत इथेही लागू.

माझा धंदा लोकांची शुद्ध घालवायचा आणि परत आणायचा. तीस वर्षांत एक शिकलो. शुद्ध, भान, जाणीव आणि आठवण हे शब्द घरी आपण एकमेकांच्या जागी वापरतो, टेबलावर ते वेगवेगळे सुटे होतात.

शिकत असताना पाहिलेलं सांगतो. मोठ्या ऑपरेशनला स्नायू लुळे करणारं औषध देतात, त्यामुळे रुग्ण जागा असला तरी बोट हलवू शकत नाही. ते औषध द्यायच्या आधी एका हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवायचा, म्हणजे औषध त्या पंजापर्यंत पोहोचत नाही. मग भुलेत गेलेल्या माणसाच्या कानाशी वाकून नाव घेऊन म्हणायचं, "माझा हात दाबा." बहुतेक वेळा काही होत नाही. त्या दिवशी झालं. पित्ताशयाचं ऑपरेशन, चाळिशीच्या बाई. भुलेची खोली दाखवणारा मॉनिटरवरचा आकडा व्यवस्थित, ४० ते ६० च्या मधला. आणि त्यांनी माझी बोटं दाबली. आमच्या सरांनी विचारलं, दुखत असेल तर दोनदा दाबा. दाबलं नाही. लगेच भूल वाढवली. दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर बाई म्हणाल्या, "गाढ झोप लागली हो डॉक्टर, वर्षांत लागली नव्हती अशी."

ही युक्ती १९७७ पासूनची आहे, संशोधनापुरती वापरतात. २०१७ च्या एका बहुदेशीय अभ्यासात शंभरात चार ते पाच जणांनी असा हात दाबला होता. नंतर आठवत मात्र जवळपास कुणालाच नसतं.

तेव्हा हात दाबला ते कोण? प्रतिक्षिप्त क्रिया म्हणावं तर 'दोनदा दाबा' हे ऐकून, समजून, न दाबायचं ठरवलं असंही असू शकतं. माणसाच्या बाबतीत, माझ्या पंज्यात पंजा असताना, मला सांगता येत नाही. तुम्ही लॅपटॉपचं विचारताय.

कोडगा

+१. आणि म्हणूनच 'यंत्राला नक्की नाही' असं मी कामावर बोलत असलो तरी घरी बोलत नाही. आजच्या मॉडेलांत काही नसावं असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाज 'ती बांधलेली आहेत' यावर उभा नाही. बांधलेला तर मीही आहे, सव्वानऊच्या स्टँडअप मीटिंगला.

ओसरीवरचा

भूलवैद्य, तुमच्या त्या बाई डोक्यातून जात नाहीत. मग मी धाग्याचं शीर्षकच चुकीचं विचारलं. रेडा बांधलेला होता की मोकळा याने काही ठरत नाही, आणि वेद म्हटले यानेही नाही. पाठीवर आसूड बसला तेव्हा त्याला दुखलं का, हा प्रश्न होता. त्याच कथेत तो आधी येतो, रेड्याला मारलेले वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले म्हणतात. आपण तेवढा भाग सोडून थेट वेदांवर येतो.

धाकटे, मावशी आता कशा आहेत? त्यांना त्या दिवसातलं काही आठवतं का?

मिरजेचा_धाकटा

ठणठणीत आहे. परत कधी झालं नाही. काल दुपारी तिला अख्खा धागा मोबाइलवरून वाचून दाखवला. आधी म्हणाली साडी हिरवी नव्हती, मोरपंखी होती, तुला रंग कळत नाहीत. सांख्यांचं दोनदा वाचायला लावलं.

मी खेकसलो तिथं आलो तेव्हा मात्र थांबली. इतक्या वर्षांत मी तिला हे सांगितलंच नव्हतं. "तू माझ्यावर ओरडलास?" आणि तोच चेहरा, जसाच्या तसा. मी म्हटलं, मावशी, चुकलो, पण तू गार पाण्यात बुडी मारून आली होतीस, मी घाबरलो होतो.

तिने डावा हात गालाला लावला. म्हणाली, "एवढ्या थंडीत? वेडीच आहे मी."